वाचलेली जमीन कोणाची?

उपनगरी गाडी विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत धावू लागली ती एप्रिल २०१३ मध्ये. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराच्या कामाची पायाभरणी झाली. या तीन घटनांचा एकत्रित परिणाम ज्या एका वस्तूवर झाला, ती म्हणजे डहाणूची जमीन. जी वाडी काल चिकूच्या हंगामावर मोजली जात होती, ती आज चौरस फुटांवर मोजली जाते. डहाणू परिसरातील मसोलीसारख्या भागात वाडीच्या कुंपणाला नव्या वसाहतीचा फलक लागतो, तेव्हा त्यावर ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हे शब्द असतातच. त्या निसर्गापैकी किती शिल्लक राहणार, हे मात्र फलक सांगत नाही.

अशा प्रत्येक जागेपुढे एक प्रश्न उभा राहतो. येथे सुटे बंगले बांधावेत की भिंतीला भिंत लावून रो हाऊसची ओळ उभी करावी? घर घेऊ पाहणारा शिक्षक किंवा कारकून हा प्रश्न आवडीचा आणि ऐपतीचा मानतो. बांधणारा तो विक्रीचा मानतो. नगरपालिकेच्या दृष्टीने तो नकाशा मंजुरीचा असतो. वस्तुतः तो प्रथम जमिनीचा प्रश्न आहे, आणि डहाणूत तर तो इतर कोणत्याही ठिकाणापेक्षा अधिक तीव्रतेने जमिनीचा आहे.

मर्यादा घालून दिलेला तालुका

२० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. संपूर्ण तालुक्यात उद्योगांसाठी मिळून ५०० एकरांपेक्षा अधिक जमीन वापरता येणार नाही, असे त्या अधिसूचनेत म्हटले होते. तालुक्याची प्रादेशिक योजना करताना हिरवे पट्टे, फळबागा आणि आदिवासी क्षेत्रे स्पष्टपणे दाखवावीत व त्यांचा वापर बदलू नये, असेही बंधन होते. हे बंधन प्रत्यक्षात यावे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आदेश दिले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले होते. पुढे २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. महाराष्ट्रासाठी २०२० मध्ये एकच विकास नियंत्रण नियमावली आणली गेली, तेव्हाही पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेली क्षेत्रे तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली.

याचा अर्थ असा, की डहाणूत वस्ती वाढण्यास जागा आहे, पण ती पसरण्यास जागा नाही. एका बाजूला समुद्र आणि खाडी, दुसऱ्या बाजूला वन आणि आदिवासींच्या जमिनी, मध्ये वाड्यांचा पट्टा. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६ अ या कलमांनी निर्बंध घातलेले आहेत. घरांसाठी जी जमीन उरते ती थोडी आहे. जी वस्तू थोडी असते, तिचा उपयोग कसा केला याचा हिशेब द्यावा लागतो.

एका एकराचे गणित

हिशेब साधा आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. चिकूची कलमे परंपरेने १० मीटर अंतरावर लावतात. त्या मानाने एकरी सुमारे ४० झाडे बसतात, म्हणजे गुंठ्याला एक झाड. डहाणूच्या जमिनीचे याहून सोपे माप दुसरे नाही. येथे बांधलेला प्रत्येक गुंठा म्हणजे एक चिकू, हे घर घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाची मुळे कोणत्याही प्रमाणपत्रात नाहीत, ती याच गुंठ्यांत आहेत.

समजा, अशा एका एकराची वसाहत करायची आहे. रस्ते, गटारे व इतर सोयींसाठी १२ गुंठे बाजूला काढले, तर २८ गुंठे उरतात. दोन-दोन गुंठ्यांचे भूखंड पाडले तर १४ बंगले होतात. तीच १४ घरे एकेका गुंठ्यावर ओळीत बांधली तर १४ गुंठे पुरतात आणि १४ गुंठे मोकळे राहतात. घरे तितकीच, कुटुंबे तितकीच. फरक १४ गुंठ्यांचा, म्हणजे १४ झाडांचा.

बंगल्याच्या भोवती जागा असतेच, तेथेही झाडे लागतील, असे यावर कोणी म्हणेल. ते तपासून पाहावे. दोन गुंठ्यांचा भूखंड साधारणतः ११ मीटर रुंद व १८ मीटर लांब असतो. त्यावर ६ मीटर रुंद व ९ मीटर लांब घर बांधले, तर दोन्ही बाजूंस अडीच-अडीच मीटर आणि समोर-मागे साडेचार-साडेचार मीटर जागा राहते. पूर्ण वाढलेल्या चिकूचा पसारा आठ-दहा मीटरांचा असतो. तो या पट्ट्यांत मावत नाही. तेथे लागतात जास्वंद, कडीपत्ता, फार तर एखादा शेवगा. उरलेल्या भागावर फरशी घातली जाते आणि गाडी उभी राहते. नकाशावर मोकळी दिसणारी जागा जमिनीवर अशा चिंधड्यांनी वाटली गेलेली असते. चौदा घरांच्या चौदा चिंधड्या एकत्र केल्या, तरच तिची वाडी होते.

बांधकामाचाही हिशेब याच दिशेने जातो. ६ बाय ९ मीटरच्या सुट्या घराच्या बाह्य भिंती ३० मीटर लांबीच्या होतात. अशा पाच घरांच्या १५० मीटर. तीच पाच घरे ओळीत घेतली तर पुढच्या-मागच्या भिंती ६० मीटर आणि आडव्या सहा भिंती ५४ मीटर, एकूण ११४ मीटर होतात. भिंतींचा जवळजवळ चौथा हिस्सा वाचतो. रस्ता, नळ, विजेची तार आणि गटार हेही आखूड होते. मैलापाण्याची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. दोन गुंठ्यांच्या आत विहीर किंवा कूपनलिका आणि शोषखड्डा शेजारी-शेजारी येतात, आणि किनाऱ्याच्या वालुकामय जमिनीत त्यांच्यात अंतर राखणे कठीण होते. १४ शोषखड्ड्यांपेक्षा एकच नीट बांधलेली सामाईक व्यवस्था आणि १४ कूपनलिकांपेक्षा एकच मोजून उपसलेली विहीर बरी. किनाऱ्यालगत उपसा वाढला की खारे पाणी आत शिरते आणि ते एकदा शिरले की लवकर बाहेर जात नाही.

बंगल्याची बाजू

एवढ्यावर निकाल देणे मात्र अन्यायाचे होईल. सुट्या घराची ओढ केवळ प्रतिष्ठेपोटी असते, असे समजणे चूक आहे. मराठी मध्यमवर्गीयाने चाळीतील दोन खोल्यांत आयुष्य काढले आहे. भिंतीपलीकडचे भांडण, खोकला आणि रेडिओ त्याने सोसला आहे. निवृत्तीच्या पैशातून घेतलेल्या घरालाही पुन्हा सामाईक भिंत असावी, हे त्याला मानवत नाही. तिच्यातून झिरपलेली ओल कोणी दुरुस्त करायची, यावरून निर्माण झालेले वैर पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

हवामानाचीही तक्रार खरी आहे. डहाणूची हवा दमट. तेथे घराला चारही बाजूंनी वारा लागणे हे सुख नसून गरज आहे. ओळीतील घराला उजेड आणि वारा फक्त पुढून आणि मागून मिळतो. घर खोल केले तर मधली खोली जुन्या वाड्यातील माजघरासारखी अंधारी होते. दिवसा दिवा लावून बसावे लागणारे घर स्वस्त असले तरी ते महागच पडते.

तिसरी गोष्ट वाढीची. आपल्याकडे घर एकदम पुरे होत नाही. मुलाचे लग्न ठरले की खोली चढते, निवृत्तीचे पैसे आले की गच्चीवर पत्रे पडतात. सुट्या घरात हे करता येते. ओळीतील घरात एकाने चढवलेला मजला शेजाऱ्याच्या भिंतीवर भार टाकतो. १९८० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी बेलापूर येथे सिडकोसाठी जी वसाहत रचली, तिच्यात हीच गोष्ट मुळाशी धरलेली होती. सुमारे सहा हेक्टरांवर साडेपाचशेच्या आसपास घरे, ४५ ते ७५ चौरस मीटरांचे भूखंड आणि तरीही प्रत्येक घर आपल्या भूखंडावर स्वतंत्र. भिंत सामाईक नाही, म्हणून प्रत्येकाला आपापल्या गतीने वाढता यावे. सात घरांच्या मध्ये एक चौक, अशा तीन समूहांच्या मध्ये मोठा चौक. घर लहान, पण दारासमोरची जागा मोठी आणि सर्वांची.

बेलापूरचा पुढचा इतिहासही तितकाच बोधप्रद आहे. कालांतराने तेथील अनेक मूळ घरे पाडली गेली व त्यांच्या जागी मोठी पक्की घरे उभी राहिली. कौलारू उतार गेले, मजले चढले. चौकांची रचना मात्र टिकली, कारण ते चौक कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. खाजगी जागेत जे होते ते बदलले. आराखड्यात जे सर्वांचे म्हणून लिहिले गेले ते राहिले. डहाणूला घ्यायचा धडा येथेच आहे.

याच्या उलट अनुभव पुण्याचा आहे. डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता या भागांत एके काळी आंबा-फणसाच्या सावलीतील बंगल्यांच्या रांगा होत्या. झाडे होती, पण ती प्रत्येकाच्या कुंपणात होती. १९७० मध्ये सदनिकांच्या मालकीला कायद्याने स्वतंत्र रूप दिले आणि पुढील दशकांत बंगल्यांच्या जागी एकामागून एक इमारती आल्या. कुंपणातील झाड मालकाच्या इच्छेवर जगते. वारस चार झाले आणि भाव वाढला, की ती इच्छा बदलते. बंगला झाडे राखतो हा समज एका पिढीपुरताच खरा आहे.

भिंत आणि भूकंप

डहाणू-तलासरीत घराचा विचार करताना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. नोव्हेंबर २०१८ पासून या दोन तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे लहान धक्के वारंवार जाणवू लागले. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्याची तीव्रता ४ च्या घरात होती. भिंतींना तडे गेले, थंडीत लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या, तंबू पुरवावे लागले. रिश्टर मापनावर हे धक्के लहान असले, तरी माती-विटांच्या, पट्टे नसलेल्या भिंतीला ते लहान नसतात.

ओळीतील घरे अशा प्रदेशात धोक्याची, असा निष्कर्ष काढण्याची घाई होऊ शकते. तो अर्धाच खरा आहे. जोत्याशी, खिडकी-दारांच्या वर आणि छताशी काँक्रीटचे सलग पट्टे घालून, कोपरे बांधून एकसंध उभारलेली छोटी ओळ चांगली टिकते. धोका असतो तो निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या उंचीची, जवळजवळ चिकटवलेली घरे बांधण्यात. धक्का बसला की ती एकमेकांवर आदळतात. धोका असतो तो एकाने दुकानासाठी सामाईक भिंत फोडण्यात. म्हणून ओळ चार-पाच घरांपुरतीच असावी, दोन ओळींमध्ये पुरेसे अंतर असावे आणि भिंत व मजला यांना हात लावण्याचा अधिकार कोणा एकाला नसावा. सुट्या घरात चूक एका कुटुंबाला भोवते. ओळीत ती शेजाऱ्यालाही भोवते.

तथापि भूकंपाच्या भीतीने घरे दूर-दूर फेकणे हाही उपाय नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे गेली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. दगड-मातीच्या जड भिंतींनी माणसे मारली होती, म्हणून नवी घरे हलकी व पक्की झाली, हे योग्यच होते. पण त्याबरोबर गावाचा घाटही बदलला. वाड्याला वाडा लागून असलेल्या अरुंद गल्ल्यांच्या जागी शहरी वसाहतीसारखे काटकोनातील रुंद रस्ते आणि सुटी घरे आली. जुन्या गावाच्या मानाने नवे गाव कित्येक पटींनी पसरले. नळ लांबले, रस्त्यांच्या दुरुस्तीचा भार ग्रामपंचायतीवर पडला, देऊळ आणि पार लांब गेले. भिंत मजबूत करणे आवश्यक होते. शेजार विरळ करणे आवश्यक नव्हते. या दोन गोष्टींत गल्लत झाली की जमीनही जाते आणि गावही जाते.

खरा वाद कोठे आहे

मग निकाल रो हाऊसच्या बाजूने द्यावा काय? येथेच सर्वांत मोठी सावधगिरी हवी. वर मांडलेल्या गणितात १४ घरे ओळीत बांधून १४ गुंठे वाचले. पण ते वाचले ते कोणासाठी? बांधणाऱ्याचे गणित वेगळे असते. तो म्हणतो, एका गुंठ्यात एक घर बसते, तर २८ गुंठ्यांत २८ बसवू. घरे दुप्पट होतात, विहिरीवरचा उपसा दुप्पट होतो, मोकळी जागा शून्य होते. प्रत्येक घर स्वस्त होण्याऐवजी, ‘बंगलेवजा घर’ या नावाखाली ते जवळपास बंगल्याच्याच भावाने विकले जाते. अशा वसाहतीपेक्षा सुटे १४ बंगले शतपटीने बरे. त्यांच्या अडीच मीटरच्या पट्ट्यात निदान पाणी तरी मुरते.

इंग्लंडमध्ये रेमंड अनविन या नगररचनाकाराने १९१२ मध्ये एकरी सुमारे १२ घरांचे प्रमाण मांडले, तेव्हा त्याची घरेही पुष्कळदा ओळीतच होती. गर्दी वाढवून हाती फारसे काही लागत नाही, हे त्याने हिशेबाने दाखवले. ओळीत वाचलेली जागा बागेला आणि मैदानाला देणे हा त्या रचनेचा प्राण होता. ओळ ठेवून बाग काढून टाकली, की उरते ती केवळ चाळ.

तेव्हा वाद रो हाऊस आणि बंगला यांच्यातील नाही. वाचलेली जमीन कोणाच्या नावावर जाते, यातील आहे. ती बांधणाऱ्याकडे गेली तर रो हाऊस हे दाटीचे दुसरे नाव ठरते. ती रहिवाशांच्या सामाईक मालकीत, झाडांसह, कायमची गेली तर डहाणूसारख्या ठिकाणी याहून शहाणी रचना नाही.

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. असलेल्या कायद्यांचा उपयोग करण्याची आहे. सामाईक वाडी मंजूर नकाशावर वेगळी दाखवावी, तिचा सातबारा स्वतंत्र असावा आणि जमिनीचे अभिहस्तांतरण करताना तीही गृहनिर्माण संस्थेच्या नावावर व्हावी. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याने हे हस्तांतरण बांधणाऱ्यावर बंधनकारक केले आहे, आणि तो टाळाटाळ करील तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग २००८ च्या दुरुस्तीने खुला झाला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार जागा ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आणि घरे आठांपेक्षा अधिक असतील तर प्रकल्पाची नोंदणी आवश्यक आहे, आणि मंजूर आराखडा बदलायचा तर दोन-तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. नगरपालिकांच्या हद्दीतील झाडांना १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचे कवच आहे. बांधकाम परवानगीपूर्वी जागेवरील प्रत्येक झाडाची गणना झाली आणि ती नकाशाला जोडली गेली, तर वाडी ‘चुकून’ नाहीशी होणार नाही.

घर घेणाऱ्यानेही केवळ स्वयंपाकघराची फरशी आणि दाराची लाकडे पाहून परतू नये. घरे ओळीत असोत की सुटी, तीन गोष्टी विचाराव्यात: पाणी कोठून येते, मैला कोठे जातो आणि मोकळी जमीन कोणाच्या नावावर आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘ती पुढच्या टप्प्यासाठी ठेवली आहे’ असे आले, तर त्या घराच्या खिडकीतून आज दिसणारी वाडी उद्या दिसणार नाही, हे ओळखावे.

आणखी एक गोष्ट शेवटी नोंदली पाहिजे. या तालुक्यातील बहुसंख्य माणसे वारली आणि इतर आदिवासी समाजांची आहेत. बंगला की रो हाऊस हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नाही. पण त्याच्या उत्तराची किंमत त्यांनाही मोजावी लागते. वाडी गेली की वाडीवरची मजुरी जाते. वसाहत पसरली की तिची कड पाड्याला जाऊन भिडते आणि कायद्याने न मिळणारी जमीन आडमार्गाने मागितली जाते. थोड्या जागेत नीट राहण्याची शिस्त येणाऱ्याने पाळली नाही, तर आधीपासून राहणाऱ्याला मागे सरकावे लागते. चौदा कुटुंबांनी एकेक भिंत शेजाऱ्याबरोबर वाटून घेतली तर चौदा चिकू उभे राहतात आणि त्यांची फळे तोडणारे हातही कामाला राहतात. डहाणूत घर बांधू पाहणाऱ्यांकडून तालुक्याने एवढी अपेक्षा करावी, ती लेखी घ्यावी आणि मगच नकाशावर शिक्का मारावा.